अवकाशाचं तिकीट : किंमत किती, मिळतं काय आणि पैसे अडकले तर?

इंदूर : दुबई झालं, बाली झालं, सिंगापूर झालं, आता कुठं? लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न निघाला की हल्ली कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आता अवकाशच राहिलंय.’ सगळे हसतात आणि विषय जिलबीकडे वळतो. पण ही आता नुसती थट्टा राहिलेली नाही. १९ मे २०२४ रोजी गोपीचंद थोटाकुरा हा आंध्रचा तरुण अमेरिकेतल्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या यानातून अवकाशाला स्पर्श करून आला. तो ना हवाई दलाचा ना इस्रोचा, तो खाजगी प्रवासी होता. त्यानंतर वर्षभरानं, २५ जून २०२५ ला, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकाकडे निघाले आणि ती मोहीमही अ‍ॅक्सिअम या खाजगी कंपनीची होती.

तेव्हापासून सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे आपले वाचक दोन-तीन प्रश्न सारखे विचारतात. हे तिकीट केवढ्याला मिळतं? दहा मिनिटांत परत येणारा माणूस ‘अवकाशवीर’ कसा? आणि या नावाखाली आपल्याकडे जे काही विकलं जातंय, त्यातलं खरं किती? एकेक करून पाहू.

अवकाश सुरू होतं तरी कुठं?

जमिनीपासून १०० किलोमीटर उंचीला ‘कारमान रेषा’ म्हणतात. तिच्या वर अवकाश, असं जगभर साधारण मानलं जातं. अमेरिकेत मात्र ८० किलोमीटरचा हिशेब चालतो. अंतर आपल्या रस्त्यांवर मोजलं तर पटकन लक्षात येतं. समजा, इंदूरचा राजवाडा म्हणजे जमीन आणि रस्ता म्हणजे सरळ वर जाणारी वाट.

प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटरवर उडतं, म्हणजे राऊपर्यंतही पोहोचत नाही. मोठे शास्त्रीय बलून ३०-४० किलोमीटरवर जातात, म्हणजे देवासपर्यंत. व्हर्जिन गॅलॅक्टिकचं यान ८५ ते ९० किलोमीटरवर जायचं, ते महेश्वरच्या घाटावर पोहोचलं समजा. ब्लू ओरिजिनचं यान १०० किलोमीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे नर्मदा ओलांडून पलीकडच्या काठाला लागलं. आणि अवकाश स्थानक चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यानं थेट नाशिक.

महेश्वर आणि नाशिक, एवढाच फरक असता तर तिकीट चार-पाच पटीनं महाग असतं. प्रत्यक्षात ते शंभर पटीहून महाग आहे. याचं कारण उंचीत नाही, वेगात आहे.

वर जाणं वेगळं, वर राहणं वेगळं

चेंडू सरळ वर फेकला की तो वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. व्हर्जिन गॅलॅक्टिक आणि ब्लू ओरिजिनची सफर अशीच असते. ब्लू ओरिजिनच्या यानाचा वेग आवाजाच्या तिप्पट होतो, इंजिन बंद पडल्यावर कुपी रॉकेटपासून सुटते आणि तशीच वर सरकत राहते. वर तीन-चार मिनिटं प्रवासी तरंगतात आणि मग कुपी पॅराशूटनं जमिनीवर उतरते. निघाल्यापासून उतरेपर्यंत दहा-अकरा मिनिटं. इंदुरात सराफ्यात गर्दीच्या वेळी एक प्लेट भुट्ट्याचा कीस हातात पडायलाही कधी कधी तेवढा वेळ लागतो.

वर राहायचं असेल तर मात्र नुसतं वर जाऊन भागत नाही. आडवा वेग लागतो, तोही ताशी सुमारे २८,००० किलोमीटर. या वेगानं इंदूर ते नाशिक एक मिनिटाच्या आत. एवढ्या वेगानं जाणारी वस्तू पृथ्वीकडे पडतच असते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही तिच्याखालून वळत जाते आणि ती पडता पडता पृथ्वीभोवती फिरत राहते. यालाच कक्षा म्हणतात. ऊर्जेचा हिशेब केला तर एक किलो वजन १०० किलोमीटर वर नेऊन सोडण्यापेक्षा तेच वजन कक्षेत ठेवायला तीस पटीहून जास्त ऊर्जा लागते. परत येताना ती सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपानं झेलावी लागते. म्हणून रॉकेट मोठं, उष्णतारोधक कवच महाग आणि प्रशिक्षण महिनोन् महिने.

एक गैरसमजही इथंच दूर करू. ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणूस तरंगतो’ असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते बरोबर नाही. स्थानकाच्या उंचीवर जमिनीवरच्या तुलनेत जवळपास ९० टक्के गुरुत्वाकर्षण शिल्लक असतं. माणूस तरंगतो कारण यान आणि माणूस दोघं एकाच वेगानं पडत असतात. जत्रेतल्या आकाशपाळण्यात खाली येताना पोटात गोळा येतो ना, त्या क्षणाला ताणून काही मिनिटं किंवा काही दिवस केलं, की झाली वजनरहित अवस्था.

दरपत्रक

आता मुद्द्याचं. हिशेब सोपा जावा म्हणून एक डॉलर ९० रुपयांचा धरू.

व्हर्जिन गॅलॅक्टिकनं २०२१ मध्ये तिकिटाचा दर साडेचार लाख डॉलर केला, म्हणजे ४ कोटी ५ लाख रुपये. ब्लू ओरिजिन आपला दर जाहीर करत नाही. जुलै २०२१ च्या तिच्या पहिल्या मानवी उड्डाणातली एक जागा मात्र लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली होती. तेवढ्यात आजच्या हिशेबानं २५२ कोटी रुपये होतात, दहा मिनिटांसाठी! लिलावाचा भाव हा बाजारभाव नसतो, हे कोणताही व्यापारी सांगेल. त्यामुळे त्या आकड्यावरून दर काढू नये.

कक्षेतल्या प्रवासाचे आकडे वेगळेच. पैसे भरून अवकाश स्थानकावर जाणारा पहिला माणूस अमेरिकेचा डेनिस टिटो. २८ एप्रिल २००१ ला तो रशियाच्या सोयूझ यानातून गेला आणि आठेक दिवस राहिला. त्यानं २ कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅक्सिअमच्या पहिल्या मोहिमेत तीन उद्योजक गेले. प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलर, म्हणजे आजच्या दरानं ४९५ कोटी रुपये, असा आकडा प्रसिद्ध झाला. खराब हवेमुळे त्यांचा मुक्काम ठरल्यापेक्षा लांबला आणि आठ दिवसांचे पंधरा दिवस झाले.

शुभांशु शुक्ला यांच्या मोहिमेवर भारतानं सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केले. मग त्यांना पर्यटक म्हणायचं का? नाही. जागा खाजगी कंपनीकडून घेतली होती हे खरं, पण घेणारं सरकार होतं आणि जाणारा गगनयानसाठी निवडलेला प्रशिक्षित वैमानिक होता. स्थानकावर १८ दिवस राहून, प्रयोग करून ते १५ जुलै २०२५ ला परतले. एसटीचं तिकीट काढून जत्रेला जाणारा आणि त्याच एसटीनं ड्यूटीवर जाणारा शिक्षक यांच्यात जो फरक, तोच इथं.

सात मजले, दीड मिनिट

‘पैसे आहेत पण वय झालंय’ असं म्हणणाऱ्यांनी निराश व्हायचं कारण नाही. गोपीचंदसोबत त्याच यानात एड ड्वाइट होते, वय ९०. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीच्या यानातून गेलेले अरविंदर सिंग बहल ८० वर्षांचे. ते अमेरिकेत राहतात, पण जन्म आग्र्याचा, म्हणजे आपल्या एबी रोडच्या त्या टोकाचा.

अटी मात्र आहेत. ब्लू ओरिजिनच्या नियमाप्रमाणे वय किमान १८, उंची पाच फूट ते सहा फूट चार इंच, वजन साधारण ५० ते १०१ किलो. शिवाय प्रक्षेपण मनोऱ्याचे सात मजले दीड मिनिटाच्या आत चढता आले पाहिजेत. इंदूरचा राजवाडा सात मजलीच आहे. तळापासून वरपर्यंत नव्वद सेकंदांत, असं डोळ्यांपुढं आणून पाहा, म्हणजे अंदाज येईल. खाली येताना शरीरावर काही क्षण आपल्या वजनाच्या पाचपट भार पडतो, तोही सोसावा लागतो.

बँकेत अडणारी गोष्ट

इथं आमच्या कॉमर्सचा भाग येतो. समजा, इंदूरच्या किंवा जळगावच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे चार कोटी पांढरे पैसे आहेत. तो ते उचलून अमेरिकेला पाठवू शकतो का? एका झटक्यात नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेत, जिला सगळे एलआरएस म्हणतात, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. साडेचार लाख डॉलरचं तिकीट या मर्यादेत बसत नाही. अर्धे ३१ मार्चच्या आधी आणि अर्धे १ एप्रिलनंतर, असे हप्ते पाडले तरच ते बसतं. आणि त्याच वर्षात मुलाच्या परदेशी शिक्षणाचे पैसे याच माणसाच्या नावावर गेले असतील, तर ते यातूनच वजा होतात.

वर टीसीएस आहे. ठरलेल्या रकमेपुढं पैसे परदेशी पाठवताना बँक हा कर आधी कापून घेते. त्याचा दर कारणानुसार आणि बजेटनुसार बदलतो, त्यामुळे आकडा आपल्या सीएला विचारावा. हा कर बुडत नाही, रिटर्न भरताना तो जमा दिसतो. पण तोपर्यंत रक्कम अडकून राहते, आणि कोटींच्या व्यवहारात ही अडकलेली रक्कमही छोटी नसते.

वाट पाहण्याची किंमत

तिकीट घेतलं की उड्डाण झालं, असं या धंद्यात नसतं. ब्रिटनचे जॉन गुडविन यांनी व्हर्जिन गॅलॅक्टिकचं तिकीट २००५ मध्ये घेतलं आणि प्रत्यक्ष उड्डाण केलं ऑगस्ट २०२३ मध्ये. अठरा वर्षं! मधल्या काळात त्यांना पार्किन्सनचा आजार जडला, तरी वयाच्या ८० व्या वर्षी ते गेले, हे कौतुकाचंच. आपण नुसता आकडा पाहू. आठ टक्के व्याजानं पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात, अठरा वर्षांत चौपट. म्हणजे दोन कोटी आगाऊ भरून अठरा वर्षं थांबणाऱ्याला ती सफर आठ कोटींना पडते.

केरळचे प्रवास माहितीपटकार संतोष जॉर्ज कुळंगरा यांनीही याच कंपनीकडे फार पूर्वी नाव नोंदवलेलं आहे. तेव्हा ‘पहिला भारतीय अवकाश पर्यटक’ म्हणून त्यांचीच चर्चा होती. तो मान शेवटी रांगेत त्यांच्या मागून आलेल्या, दुसऱ्या कंपनीच्या प्रवाशाला मिळाला.

काहींच्या बाबतीत तर उड्डाणच होत नाही. अमेरिकेच्या एक्सकॉर कंपनीनं ‘लिंक्स’ नावाच्या यानाची तिकिटं सुमारे एक लाख डॉलरपासून विकली. यान एकदाही उडालं नाही आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पावणेतीनशेच्या आसपास तिकीटधारक घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. दिवाळखोरीत आधी तारण घेतलेल्या बँका, मग बाकीचे. तिकीट घेणारा जवळपास शेपटाला असतो. बिल्डरकडे बुकिंग करून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जपानी उद्योजक युसाकु माएझावा यांनी चंद्राला फेरी मारण्याची ‘डिअरमून’ योजना २०१८ मध्ये जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये निवडलेल्या कलाकारांत ‘बालवीर’ मालिकेतला आपला देव जोशी होता. घराघरातल्या मुलांना आनंद झाला. पण रॉकेट वेळेत तयार होईना आणि १ जून २०२४ ला योजना रद्द झाली.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि जाहिरातीत तो सगळ्यात लहान अक्षरात असतो. अमेरिकी कायद्यात अशा माणसाला ‘पॅसेंजर’ म्हणतच नाहीत, ‘स्पेस फ्लाइट पार्टिसिपंट’ म्हणजे उड्डाणात सहभागी होणारा म्हणतात. हा शब्दांचा खेळ नाही. विमानाच्या प्रवाशाला सरकारनं सुरक्षित म्हणून मंजूर केलेलं विमान मिळतं. इथं उड्डाणाआधी कंपनीला लेखी कळवावं लागतं, की सरकारनं हे यान माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणित केलेलं नाही. ते वाचून सही करायची आणि दाव्याचे हक्कही सोडायचे. यानात बसणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम करायला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला कायद्यानंच १ जानेवारी २०२८ पर्यंत बहुतांशी मनाई आहे. नवा धंदा आहे, आधी शिकू दे, असा त्यामागचा विचार.

धोका कागदावरचा नाही. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनचं यान चाचणीत हवेतच तुटलं आणि सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी यांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्लू ओरिजिनचं रॉकेट बिघडलं. आत माणसं नव्हती आणि बचाव यंत्रणेनं कुपी सुखरूप बाजूला नेली. गोपीचंदच्या उड्डाणातही तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडलं नव्हतं. दोनांवर उतरण्याची सोय आधीच केलेली असल्यामुळे कुणाला इजा झाली नाही.

साध्या नागरिकांना वर नेण्याचा उत्साह यापूर्वी एकदा फार महागात पडला आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं, त्यात ख्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेची शिक्षिका होती. त्या अपघातानंतर भारताचाही एक बेत बारगळला. पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट या इस्रोच्या दोघांची शटलसाठी निवड झाली होती. त्यातलं कुणीच जाऊ शकलं नाही.

घरातली विम्याची पॉलिसी या उड्डाणाला चालेल असं गृहीत धरू नका. अपघाती विम्याच्या बऱ्याच कागदांत हवाई प्रवासाचं संरक्षण नियमित विमान कंपनीच्या तिकीटधारक प्रवाशापुरतंच असतं. रॉकेटचं सोडा, पॅराग्लायडिंगला जाण्याआधीही हे कलम एकदा वाचलेलं बरं.

आपल्याकडे कधी?

‘सहा कोटींत अवकाशवारी, २०३० पर्यंत’ अशा बातम्या मार्च २०२३ मध्ये झळकल्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रानं भारतीय अवकाश धोरण मंजूर केलं आणि खाजगी कंपन्यांना दार उघडलं. परवानगी देण्याचं काम २०२० मध्ये घोषित झालेल्या इन-स्पेस या संस्थेकडे आहे. पण आधी गगनयान व्हायचं आहे. तीन जणांना ४०० किलोमीटरच्या कक्षेत नेऊन सुखरूप परत आणणं, हे त्याचं उद्दिष्ट. आपली माणसं आपल्या रॉकेटनं जाऊन येत नाहीत, तोवर तिकीट विकण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रॉकेटमुळे जमिनीवर नुकसान झालं तर ते सोडणारा देश जबाबदार असतो, मग कंपनी खाजगी का असेना. म्हणजे भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतून, तुमच्या-आमच्या करातून. ती कंपनीकडून कशी वसूल करायची, प्रवाशाचे हक्क कोणते, हे ठरवायला कायदा लागतो. त्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढं आला, कायदा अजून झालेला नाही.

त्यापेक्षा बलूनचा मार्ग जवळचा वाटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हॅलो स्पेस या स्पॅनिश कंपनीनं आपल्या पर्यटक कुपीची पहिली चाचणी तिथूनच केली, माणसांशिवाय. तेवढ्या उंचीवरून काळं आकाश आणि पृथ्वीची गोलाई दिसते. पण ते अवकाश नव्हे आणि तिथं तरंगताही येत नाही. ‘अवकाशाची सफर’ म्हणून कोणी बलूनचं तिकीट दाखवलं तर हा फरक आधी विचारावा.

आपल्या खिशाला लागणारी गोष्ट

चार कोटींचं तिकीट घेणारे आपल्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण ‘अवकाश’ या शब्दावर लाख-दोन लाख, किंवा काही हजार देणारे पुष्कळ आहेत. तेव्हा तीन गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली, चंद्रावरचा प्लॉट. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला असे कागद भेट दिले जातात. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे चंद्रावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही आणि भारत या करारात आहे. जिथं देशाची मालकी नाही, तिथं सातबारा कोण देणार? हौस म्हणून फ्रेम करा, गुंतवणूक म्हणून नको.

दुसरी, मुलांची ‘नासा सहल’. फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं दर्शन केंद्र पाहण्यासारखं आहे यात शंका नाही. पण ते तिकीट काढून कोणालाही पाहता येतं. त्यासाठी मुलाची ‘निवड’ झाली असं पत्र आलं, तर निवड कोणी केली, परीक्षा कोणती घेतली आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे विचारा. कर्ज काढून पाठवण्याआधी तर नक्कीच.

तिसरी, ‘अंतराळवीर प्रशिक्षण’ प्रमाणपत्र. काही दिवसांचं शिबिर मजेचं असू शकतं, शिकवणारंही. त्यानं कोणी अंतराळवीर होत नाही आणि इस्रोच्या भरतीत त्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत.

या क्षेत्राची खरी ओढ असलेल्या मुलासाठी वाट घराजवळच आहे. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. केरळात तिरुवनंतपुरमला अवकाश विभागाचीच आयआयएसटी ही संस्था आहे. सहावी-सातवीतल्या मुलाला एखाद्या रविवारी उज्जैनच्या वेधशाळेत घेऊन जा. सवाई जयसिंगांनी उभारलेली ती यंत्रं पाहिली की सावलीवरून वेळ कशी काढतात ते समजतं आणि प्रश्न पडायला लागतात. इंदूरहून भाडं दोन आकडी-तीन आकडी, दिवसभरात परत.

आणि कोणी तिकीट, प्लॉट किंवा सहल घेऊन दारात आलंच, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा : उड्डाण किंवा प्रवास न झाल्यास परतावा किती आणि किती दिवसांत, पैसे वेगळ्या खात्यात राहतील की कंपनी वापरेल, वाद झाला तर कोणत्या शहराच्या कोर्टात, आणि विमा कोणाचा. चारही उत्तरं कागदावर मिळाली नाहीत, तर दार लावून घ्या. असं पत्रक तुमच्या गावात फिरत असेल तर त्याचा फोटो आम्हाला जरूर पाठवा, त्यातली कलमं आपण इथं मिळून वाचू.